डोळ्याचे अँटिबायोटिक मलम नेमके किती दिवस लावावे?

पारिजात (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या मुलाचे डोळे आले. सकाळी उठल्यावर दोन्ही पापण्या पिवळ्या चिपडांनी घट्ट चिकटलेल्या असायच्या. बालरोगतज्ज्ञांनी तपासून दिवसा टाकायला थेंब आणि रात्री झोपताना लावायला क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लिहून दिले. चिठ्ठीवर मुदत पाच दिवसांची आहे. मात्र तिसऱ्याच दिवशी डोळे स्वच्छ दिसू लागले आणि घरात दोन मते झाली. सासूबाई म्हणतात की डोळा बरा झाला, आता औषध थांबवावे, कारण लहान मुलाच्या डोळ्यात गरजेपेक्षा जास्त औषध नको. माझा भाऊ म्हणतो की अँटिबायोटिक मध्येच सोडले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून पूर्ण आठवडा तरी लावावे. यांपैकी कोणाचे बरोबर धरावे?

दुसरा प्रश्न स्वतः सासूबाईंचा आहे. त्यांच्या पापण्यांच्या कडांना वर्षानुवर्षे कोंड्यासारखे कण धरतात आणि सकाळी डोळे चुरचुरतात. कपाटात जी मलमाची नळी असेल तीच त्या चार-सहा दिवस लावतात, बरे वाटले की थांबवतात आणि महिन्याभराने पुन्हा सुरू करतात. असे वारंवार लावणे योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे. उत्तर दोघांसाठी एकच असेल की वेगवेगळे, हेही मला समजून घ्यायचे आहे.

मखमलाबादकर

चिठ्ठीवर पाच दिवस लिहिले असतील तर पाच दिवस लावावे. तिसऱ्या दिवशी थांबवू नये आणि आपल्या मनाने सातव्या दिवसापर्यंतही नेऊ नये. ज्यांनी डोळा पाहिला त्यांनी ठरवलेली मुदत घरातल्या कोणी बदलावी, असे मला वाटत नाही.

सातपूरकर

मी थोडे वेगळे मत मांडतो. जंतूंमुळे आलेले डोळे पुष्कळदा आठवडा-दहा दिवसांत औषधाशिवायही बरे होतात, असे वैद्यकीय पुस्तकांतच लिहिलेले आहे. मग तिसऱ्या दिवशी डोळा पूर्ण स्वच्छ झाला असेल तर उरलेले दोन दिवस औषध लावून नेमके काय साधते? आपल्याकडे अँटिबायोटिकचा वापर आधीच अतोनात आहे. ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यामागचे कारण कोणी विचारत नाही. पोटात घ्यायच्या गोळ्यांबाबतही कमी मुदतीचे उपचार अनेक आजारांत पुरेसे ठरतात, असे आता तज्ज्ञ सांगू लागले आहेत. म्हणून पारिजातताईंच्या सासूबाईंचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. या धाग्यावर कोणी नेत्रतज्ज्ञ असतील तर त्यांनी कारणासह सांगावे.

औषधालय सिडको

मी सिडकोत अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवतो, म्हणून दुकानाच्या बाजूने दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

‘डोळ्याचे मलम द्या’ असे म्हणत चिठ्ठीशिवाय येणारे लोक रोज भेटतात. अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड असलेले डोळ्यांचे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये, असा नियम आहे आणि त्याचे कारण लोकांना समजायला हवे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीत नुसते क्लोरॅम्फेनिकॉल असते आणि दुसरीत त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे लाली झपाट्याने उतरते, त्यामुळे लोकांना तेच मलम ‘गुणकारी’ वाटते आणि पुढच्या वेळी ते नाव सांगून तेच मागतात. घरी जी नळी पडली असेल तिच्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी काही छापलेले आहे का, ते आजच पाहावे.

मुदतीइतकाच नळीच्या वयाचाही प्रश्न आहे. डोळ्यांचे औषध निर्जंतुक स्थितीत भरलेले असते. एकदा ते उघडले की महिन्याभरात वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे, मग वेष्टनावरची अंतिम तारीख दोन वर्षांनंतरची का असेना. मी ग्राहकांना नळीवर पेनाने उघडल्याची तारीख लिहायला सांगतो. ज्यांना फार थोडे मलम लागते त्यांच्यासाठी क्लोरॅम्फेनिकॉलच्या अ‍ॅप्लिकॅप मिळतात. त्या एका वेळेपुरत्या असतात. टोक कापायचे, मलम डोळ्यात पिळायचे आणि ती कुपी टाकून द्यायची, म्हणजे उरलेल्या नळीचा मोह राहत नाही.

त्वचेवर लावायचे मलम मात्र, त्यात तेच औषध असले तरी, डोळ्यात घालू नये.

नेत्रतज्ज्ञ नाशिक रोड

मी नेत्ररोगाची प्रॅक्टिस करते. पारिजातताईंच्या मुलाला मी तपासलेले नाही, म्हणून त्याच्या चिठ्ठीत बदल सुचवणार नाही. मुदत कशावरून ठरते, तेवढे सविस्तर सांगते.

‘डोळ्याला मलम किती दिवस लावायचे’ या प्रश्नाचे उत्तर निदान झाल्याशिवाय देता येत नाही. लाल डोळा हे लक्षण आहे आणि त्याखाली निरनिराळे आजार असतात. जंतूंमुळे डोळे आले असतील, घट्ट पिवळे-हिरवे चिपड येत असेल आणि बुबुळ स्वच्छ असेल, तर साधारण पाच ते सात दिवसांचा उपचार पुरतो. क्लोरॅम्फेनिकॉलबाबत ब्रिटनमधली रीत अशी आहे की डोळा बरा दिसू लागल्यावर आणखी ४८ तास औषध चालू ठेवायचे. तिथे हे औषध औषधविक्रेत्याकडून चिठ्ठीशिवाय मिळते, पण ते पाच दिवसांपुरतेच वापरायचे असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या मलमाची ठरलेली पद्धत पहिले दोन दिवस तीनदा आणि पुढचे पाच दिवस दोनदा अशी, म्हणजे एकूण सात दिवसांची आहे. तिसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ झाला, त्यावर ४८ तास धरले, तर पाच दिवस होतात. बालरोगतज्ज्ञांनी लिहिलेली मुदत या हिशेबात चपखल बसते.

सातपूरकरांचा मुद्दा रास्त आहे. साधे जंतूजन्य डोळे पुष्कळदा आपोआप बरे होतात. औषधाने ते थोडे लवकर बरे होतात आणि संसर्ग पसरण्याचा काळ कमी होतो, एवढाच फायदा. म्हणूनच एखाद्या मुलाचे औषध चौथ्या दिवशी थांबले तर पालकांनी घाबरून जाऊ नये. तरीही मी शेवटचे दोन दिवस पूर्ण करायला सांगते, कारण चिपड थांबले म्हणजे जंतू संपले असे होत नाही आणि अर्धवट सोडल्यावर आजार उलटला तर नव्याने पूर्ण उपचार करावा लागतो. प्रतिकारक जंतूंची मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्या सवयीमुळे. आठवडाभर दिवसातून चार वेळा लावायचे मलम लोक महिनाभर कधीतरी एकदा, आठवण झाली की लावतात. औषधाची मात्रा जंतू मरण्याइतकी पोहोचत नाही आणि जंतूंचा त्या औषधाशी संबंध मात्र येत राहतो. अँटिबायोटिक ‘हळूहळू कमी’ करायचे नसते. ठरलेल्या मात्रेने ठरलेले दिवस लावायचे आणि बंद करायचे.

याहून महत्त्वाची खूण दोन-तीन दिवसांनी पाहायची असते. योग्य औषध चालू असताना तोपर्यंत काहीच फरक पडला नाही, तर मुदत वाढवायची नाही, डोळा पुन्हा दाखवायचा. निदान चुकलेले असू शकते, जंतू त्या औषधाला दाद देत नसतील किंवा औषधाचीच अ‍ॅलर्जी झाली असेल. निओमायसिन असलेल्या मलमांनी पापण्यांची त्वचा लाल होऊन खाजणारे रुग्ण मी पाहते. ते बिचारे आजार वाढला असे समजून तेच मलम आणखी लावत राहतात.

डोळ्यात दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर मलमाचे दिवस मोजत घरी बसू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

सातपूरकर

डॉक्टर, आभारी आहे. ‘कधीतरी एकदा’ लावण्याचा धोका माझ्या लक्षात आला नव्हता.

द्राक्षमळा दिंडोरी

डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला आमच्या तालुक्यातले उदाहरण जोडतो, कारण हा धागा वाचणारे बरेच जण द्राक्षपट्ट्यातले असतील.

एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, मांडवाखाली मान वर करून काम चालते. कापलेली काडी, सुटलेली तार किंवा पानावरची धूळ थेट डोळ्यावर येते. आमच्या शेजारच्या मळ्यात बांधणी करणाऱ्या एका मजुराच्या डोळ्याला अशीच काडी लागली. त्याने गावातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले. पहिले दोन दिवस लाली कमी झाली म्हणून तो ते लावतच राहिला, आणि दुखणे वाढले तेव्हा आणखी एक नळी आणली. पुढे बुबुळ पांढरे दिसू लागले, तेव्हा नाशिकला नेले. तिथे बुरशीची जखम असल्याचे निदान झाले आणि त्या मलमात स्टेरॉइड होते हेही तेव्हाच कळले. नाटामायसिनचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, घालावे लागत होते आणि उपचार कित्येक आठवडे चालला. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडले ते पडलेच. हातावर पोट असलेल्या माणसाचे किती नुकसान झाले असेल, याचा विचार करावा.

तेव्हापासून छाटणीच्या दिवसांत मी सगळ्यांना साधे पारदर्शक चष्मे देतो. घामाने चष्मा धुरकटतो अशी तक्रार सुरुवातीला असते, पण दोन दिवसांत सवय होते. काडी, गवत, उसाचे पाते किंवा भाताचे कूस लागलेल्या डोळ्याला घरचे कोणतेही मलम लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नेत्रतज्ज्ञ नाशिक रोड

द्राक्षमळा यांनी लिहिलेला अनुभव प्रत्येक शेतकरी कुटुंबाने वाचावा. वनस्पतीचा मार लागल्यानंतरची बुरशीची जखम आपल्या देशातल्या शेतीत काम करणाऱ्यांमध्ये वारंवार आढळते. अँटिबायोटिक मलमाचा बुरशीवर परिणाम होत नाही आणि स्टेरॉइडमुळे ती फोफावते. हर्पिसच्या विषाणूमुळे होणाऱ्या बुबुळाच्या जखमेचेही असेच आहे. तिला अ‍ॅसायक्लोव्हिरचे तीन टक्क्यांचे मलम दिवसातून पाच वेळा लागते आणि जखम भरल्यावरही निदान तीन दिवस ते चालू ठेवावे लागते. जखम भरली की नाही, हे डोळ्यात रंग घालून यंत्राखालीच दिसते. आरशात पाहून ते ठरवता येत नाही.

शिक्षिका पंचवटी

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सगळीकडे डोळ्यांची साथ पसरली होती. तेव्हा आमच्या शाळेतही निम्मा वर्ग घरी होता. अनेक पालक एकच नळी तिन्ही भावंडांना वापरत होते. आम्ही मुलांना परत घेताना ‘औषध किती दिवस घातले’ असे विचारायचो. तो प्रश्न योग्य होता का, अशी शंका हा धागा वाचून मनात आली आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने पुढे रामकुंडावर गर्दी होईल, तेव्हाही असा प्रसंग येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी साथीच्या डोळ्यांबद्दल सांगावे.

नेत्रतज्ज्ञ नाशिक रोड

शिक्षिकाताई, त्या वर्षीची साथ प्रामुख्याने विषाणूंची होती. विषाणूजन्य डोळ्यांत चिपडापेक्षा पाणी जास्त येते, एक डोळा आधी आणि दुसरा नंतर लाल होतो, कानापुढे लहानशी गाठ हाताला लागते आणि पुष्कळदा घसाही दुखत असतो. त्यावर अँटिबायोटिक मलमाचा उपयोग नाही, मग ते पाच दिवस लावा की पंधरा. आजार आपल्या गतीने एक ते तीन आठवड्यांत ओसरतो. थंड पाण्याच्या पट्ट्या आणि साधे अश्रूंसारखे थेंब यांनी आराम पडतो. शाळेने औषधाचे दिवस विचारण्याऐवजी डोळ्यातून पाणी किंवा चिपड येणे थांबले का, हे विचारावे. प्रत्येकाचा टॉवेल, उशीचा अभ्रा आणि औषधाची नळी वेगळी ठेवणे आणि वारंवार हात धुणे, हेच साथीत सर्वांत जास्त कामाला येते.

सिन्नरची सून

माझे बाळ अडीच महिन्यांचे आहे. त्याच्या एका डोळ्यातून सतत पाणी येते आणि मध्येच चिपड धरते. मलम लावले की चिपड थांबते आणि बंद केले की परत येते. घरातली मोठी माणसे अंगावरचे दूध डोळ्यात घालायला सांगतात. मलम असेच चालू ठेवावे का?

नेत्रतज्ज्ञ नाशिक रोड

तुमच्या वर्णनावरून अश्रूनलिका अजून पुरती उघडली नसावी, असे वाटते. बाळाला एकदा प्रत्यक्ष दाखवून खात्री करून घ्या. ही अडचण बहुतेक बाळांमध्ये वर्षाच्या आत आपोआप सुटते. नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी बोटाने खालच्या दिशेने दाब देत मालिश करायचे असते. ते डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्यावे. मलम फक्त चिपड वाढेल तेव्हा थोडे दिवस लागते, कारण मूळ अडथळा मलमाने निघत नाही आणि ते महिनोन्महिने लावण्यात अर्थ नसतो. दूध डोळ्यात घालू नये. दुधावर जंतू वाढू शकतात. काजळ आणि सुरमाही नकोत.

इतर मातांसाठी एक वेगळी सूचना देते. जन्मानंतर पहिल्या चार आठवड्यांत बाळाच्या डोळ्यांतून पू आला, पापण्या सुजल्या, तर घरी काहीही न लावता लगेच रुग्णालयात जावे. प्रसूतीच्या वेळी आईकडून येणारे काही जंतू फार थोड्या वेळात बुबुळाला इजा करतात आणि त्यांना मलमाखेरीज पोटातून किंवा इंजेक्शनने औषध लागते.

आजोबा पंचवटी

माझ्या लहानपणी खेड्यात खुपऱ्यांचे, म्हणजे पापण्यांच्या आतल्या बाजूला होणाऱ्या ट्रॅकोमा या संसर्गाचे रुग्ण घरोघर असत. तेव्हा टेट्रासायक्लिनचे मलम दिवसातून दोनदा, सलग सहा आठवडे लावायला सांगत. आज पाच दिवसांवर चर्चा चालली आहे, ती पाहून मला ते सहा आठवडे आठवले. आमच्या आई-वडिलांनी नेटाने ते पूर्ण केले. आळीतल्या ज्यांनी दहा-पंधरा दिवसांत सोडून दिले त्यांच्यापैकी काहींच्या पापण्या पुढे आत वळल्या आणि केस बुबुळाला घासू लागले. पुढे अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने काम भागू लागले, असे वाचले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जाहीर केले. आमच्या पिढीला त्याचा किती आनंद झाला असेल, हे तरुणांना सांगून कळणार नाही. सांगायचे एवढेच की काही आजारांना खरोखरच दीर्घ मुदत लागत असे आणि ती कोणाच्या हौसेने ठरलेली नव्हती.

ओझरकर

आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. तिचे थेंब मात्र दर आठवड्याला कमी करत जायला सांगितले आहेत. वर डॉक्टर म्हणतात की हळूहळू कमी करायचे नसते. मग आम्ही काय समजावे?

औषधालय सिडको

ओझरकर, तुमच्या आईच्या थेंबांत स्टेरॉइड असणार. शस्त्रक्रियेनंतरची आतली सूज उतरवण्यासाठी ते काही आठवडे देतात आणि एकदम थांबवल्यास सूज उलटू शकते, म्हणून पायरीपायरीने कमी करतात. डॉक्टरांचे वाक्य निव्वळ अँटिबायोटिकबद्दल होते. शस्त्रक्रियेनंतर मिळालेला तक्ता जसाच्या तसा पाळा, त्यात या धाग्यावरून कोणताही बदल करू नका. आणि तक्ता संपल्यावर ते थेंब ‘चांगले आहेत’ म्हणून पुढे चालू ठेवू नका. स्टेरॉइडचे थेंब देखरेखीशिवाय दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही.

कॉलेज रोड

मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. डोळा लाल झाल्यावर मैत्रिणीने तिचे उरलेले मलम लावायला दिले होते. ते न लावता मी लेन्स काढून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लेन्स आणि लेन्सची डबीही सोबत मागवून घेतली होती. लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू एक-दोन दिवसांत बुबुळाला मोठी जखम करू शकतात, असे त्यांनी समजावले. लेन्स वापरणाऱ्यांनी मलमाचा कोणताही प्रयोग घरी करू नये. उपचार संपून डॉक्टर परवानगी देईपर्यंत चष्मा लावावा.

मखमलाबादकर

मलम लावायची पद्धतही कोणीतरी लिहावी. आमच्याकडे निम्मे मलम गालावरच जाते.

औषधालय सिडको

हात धुवावेत. चिपड उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने आतून बाहेर पुसून घ्यावे आणि प्रत्येक वेळी नवा कापूस घ्यावा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की एक खाच तयार होते. तिच्यात साधारण एक सेंटिमीटर लांबीची मलमाची रेघ सोडावी. नळीचे टोक पापणीला किंवा केसांना टेकता कामा नये. मग डोळा मिनिटभर मिटून ठेवावा. थेंब आणि मलम दोन्ही असतील तर आधी थेंब, पाच-दहा मिनिटांनी मलम. आधी मलम लावले तर त्याच्या तेलकट थरामुळे थेंब नीट आत जात नाहीत. मलमानंतर काही वेळ धूसर दिसते, म्हणून ते लावून लगेच दुचाकी चालवू नये. रात्रीची वेळ त्यासाठीच सोयीची असते. लहान मूल डोळा उघडत नसेल तर ते झोपल्यावर लावावे.

पारिजात (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मुलाचे पाच दिवस पूर्ण करून मलम थांबवले. डोळे छान आहेत. उरलेली नळी टाकून दिली.

धागा वाचून सासूबाईंना गंगापूर रोडच्या एका नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांना ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांचा दीर्घकालीन दाह आहे. कपाटातली नळी मी सोबत नेली होती आणि तिच्यात डेक्सामेथासोन निघाले. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली आणि डोळ्यातला दाब मोजला. सुदैवाने तो योग्य आहे. आता नुसत्या अँटिबायोटिकचे मलम रात्री पापण्यांच्या कडांना चार आठवडे लावायला सांगितले आहे. सासूबाईंचा प्रश्न असा आहे की नातवाला पाच दिवस आणि मला चार आठवडे का? आणि चार आठवड्यांनंतर पुन्हा कण धरले तर त्यांनी पुन्हा तेच मलम सुरू करायचे का?

नेत्रतज्ज्ञ नाशिक रोड

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारलेला प्रश्न फार नेमका आहे.

नातवाचा संसर्ग डोळ्याच्या पृष्ठभागावर होता, नवा होता आणि तो आटोपला. ब्लेफरायटिसमध्ये पापणीच्या कडेच्या तेलग्रंथींची तोंडे घट्ट झालेल्या तेलाने बुजलेली असतात आणि त्या साचलेल्या तेलावर जंतू वाढतात. कडेची त्वचा शांत व्हायला आणि जंतूंचा भार कमी व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून मुदत मोठी असते. मलम डोळ्यात न घालता स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या काडीने पापण्यांच्या मुळाशी चोळायचे असते, हेही वेगळे आहे.

पण त्यांच्या उपचारात मलम दुय्यम आहे. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाचा शेक मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे द्यावा. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी हलकी दाबावी, म्हणजे वितळलेले तेल बाहेर येते. त्यानंतर पाण्यात पातळ केलेल्या बेबी शॅम्पूने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या ओल्या पट्ट्यांनी कडा पुसून घ्याव्यात. सुरुवातीला हे दिवसातून दोनदा आणि पुढे रोज एकदा, कायम करायचे आहे. हा आजार पुरता जात नाही, पण या रोजच्या निगेने तो आटोक्यात राहतो. चार आठवडे झाले की मलम थांबवावे आणि निगा चालू ठेवावी.

कण पुन्हा धरले तर आधी शेक आणि स्वच्छता दिवसातून दोनदा करावी. आठवडा-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर आपल्या मनाने नळी न उघडता दाखवायला जावे. कधी पोटातून डॉक्सिसायक्लिनसारखे औषध द्यावे लागते, कधी डोळे कोरडे असतात आणि त्यासाठी वेगळे थेंब लागतात. आणि त्यांच्या वयात एकाच पापणीवर एकाच जागी गाठ वारंवार येत असेल किंवा तिथले केस गळत असतील, तर ते मलमाने दबवत राहू नये, कारण तेलग्रंथींचा कर्करोग कधी कधी अशाच रूपात येतो आणि तुकडा तपासल्याशिवाय ओळखता येत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी तपासले असेलच, तरी पुढच्या भेटीत विचारून घ्या.

पारिजात (इंदिरानगर, नाशिक)

गाठ नाही, केसही ठीक आहेत. शेक आजपासून सुरू केला आहे. नव्या नळीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवली आहे आणि ती फक्त सासूबाईंसाठी वेगळी ठेवली आहे. चार आठवड्यांनी दाखवून आल्यावर इथे कळवते.